तळाची ओल

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग कागदावरच घालते, कारण सध्या एकदा आडवी झाले तर उठायची नाही.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहायचं, आणि लिहायला बसलं की दोन ओळींनी उठून मी खिडकी लावते, पुन्हा उघडते, पाणी पिते. आई म्हणते, हिला भिंगरी नाव ठेवलं तिथेच वन्संची चूक झाली. आज तिनं मला खुर्चीत बसवून दाराला कडी लावली आहे.

हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागाची प्रमुख होऊन मला तीन महिने झाले. काम तुला ठाऊक आहे: ऑपरेशनची हत्यारं धुवायची, कापडात गुंडाळून पॅक करायचे, वाफेच्या मशीनमध्ये घालायचे आणि निघाले की वर ऑपरेशन थिएटरला पाठवायचे. तीन मशीनं, प्रत्येकावर एक बाई. मी आल्या आल्या जुन्या लाकडी पट्ट्यांच्या मांडण्या हलवल्या आणि स्टीलची टेबलं आणली. बायकांचा घामानं जीव जायचा, म्हणून भांडून एसी बसवून घेतला. भिंतीवर फळा लावला, ज्या मशीनवर महिन्यात एकही ओला पॅक नाही त्या बाईचं नाव त्यावर. आता विभागात पाऊल टाकलं की कसं लख्ख वाटतं.

आणि आता हे निस्तरायचं आलं. गेल्या महिन्यात वॉर्डातल्या तिघांच्या टाक्यांत पू झाला. दोघं बरे होऊन घरी गेले, तिसरे एक निवृत्त शिक्षक अजून पडून आहेत. मोठे डॉक्टर चौकशी करत करत आमच्यापर्यंत आले. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात, म्हणून ओला निघालेला पॅक पुन्हा पहिल्यापासून करायचा आणि वहीत लिहायचा, असा नियम आहे. एक नंबर आणि तीन नंबर मशीनच्या वह्या कोऱ्या. दोन नंबरच्या वहीत महिन्यात चौदा. मेकॅनिकनं दोन नंबर दोनदा उघडून बघितलं, मशीन ठणठणीत आहे. म्हणजे राहिला हात.

दोन नंबरवरच्या बाईला सगळे घुमी म्हणतात. वीस वर्षं इथे आहे, पण विचारलं तेवढंच बोलते, तेही जमिनीकडे बघून. मशीन थांबल्यावर दार काही वेळ बंद ठेवायचं असतं, आतली वाफ निघून पॅक सुकायला. ती घाईनं उघडत असणार. डॉक्टरांना वीस तारखेपर्यंत एक नाव लेखी हवंय. मी तिचं दिलं की तिची बदली धुलाईत, मशीनला पुन्हा हात लावायचा नाही, आणि सेवापुस्तकात शेरा. निवृत्तीला तिची दोन वर्षं उरली आहेत. मलाही अजून कायम केलेलं नाही, सहा महिने बघणार आहेत.

मी सगळ्यांना विचारलं, सगळं तपासलं. तरी सही करायचं मनात आलं की पेन खाली ठेवून मी उठते. तू बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बायकांवर मुकादमी केलीस. मन घट्ट कसं करायचं ते कळव.

लोभ आहे तसा राहू दे. रागावलीस तर थोडा कापून घे, पण पत्र लगेच टाक.

तुझी
भिंगरी


ता. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. मन घट्ट करायचं औषध माझ्याकडे नाही. गुडघ्याचं आहे, हवं तर पाठवते. वहिनीला सांग, तुझं नाव मी ठेवलेलं नाही, तिच्या नवऱ्यानं ठेवलं. माझ्या गळ्यात उगाच मारू नये.

तू लिहितेस, सगळ्यांना विचारलं. काय विचारलंस? शब्दाला शब्द लिहून पाठव. तुझ्या मनात काय होतं ते नको, तोंडातून काय निघालं ते. आणि पॅक ओला म्हणजे कुठे ओला? वर, मध्ये, की बुडाला? चौदा म्हणजे दिवसाआड एक, की एका दिवशी चार? तू येण्याआधी किती निघायचे? चार पानी पत्रात यातलं अक्षर नाही. भिंतीवर फळा लावल्याचं मात्र आहे.

आणखी एक. ही बाई तुझ्या पत्रात पहिल्यांदा आली तीच नाव ठेवलेली आली. तुझी आजी तुला वेंधळी म्हणायची, आठवतं? घरात कप फुटला की आधी धपाटा तुझ्या पाठीत. त्यातले निम्मे कप मी फोडले होते. कुणी मला विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. आता सांगून टाकते, म्हणजे मोकळी झाले.

इथे बरं आहे. शेजारच्या शिंपिणीनं माझ्याशी अबोला धरलाय, कारण तिनं मोठ्यानं काही विचारलं आणि मी ऐकू न येता मान डोलावली. कशाला हो म्हटलं ते अजून कळलेलं नाही.

सही करायच्या आधी उत्तर पाठव. माया नेहमीची, त्यात कापाकापी नाही.

तुझी
आत्या


ता. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी रागच आला. मी सल्ला मागितला आणि तू माझीच तपासणी घेतलीस. आई म्हणाली, वन्सं कारखान्यातही अशाच असणार, बाटली उजेडात धरून बघायच्या. पण तू मागितलंस म्हणून लिहिते.

तिघींना मी एकेक करून माझ्या खोलीत बोलावलं. पहिलं विचारलं, दार वेळेआधी उघडता का? मग, नीट आठवून सांगा, कधीतरी घाईत उघडलं असेल ना? एक नंबरवाली आणि तीन नंबरवाली म्हणाल्या, छे हो, आम्ही पूर्ण वेळ थांबतो. घुमी दोन्ही वेळा नाही म्हणाली. तिला मी तिसरं विचारलं, दार नाही तर मग ओलं दुसऱ्या कशानं होणार? त्यावर ती काचेतून बाहेर टेबलाकडे बघत बसली, हूं नाही की चूं नाही. खरं बोलायचं असतं तर माणूस डोळ्याला डोळा भिडवतो.

पॅक बुडाला ओले असतात, सगळे. दिवसाआड एखादा. मी येण्याआधीची जुनी वही काढून बघितली, तिच्यात महिन्याला एखाद-दुसरा. पण तेव्हा शिस्तच नव्हती, त्यामुळे तो आकडा मी धरत नाही.

तुला वाटतंय मी नावावरून ठरवलं. तसं नाही. आधीच्या हॉस्पिटलात हुबेहूब हेच झालं होतं. महिनाभर कुणाला पत्ता लागत नव्हता, मी दारामागे उभी राहून बघितलं, तर एक बाई दहा मिनिटं आधी दार उघडत होती. कबूल झाली. त्या कामावरच तर मला ही जागा मिळाली. त्यामुळे असलं काही असलं की मला लांबूनच कळतं. शिवाय घुमीच्या कामात गबाळेपणा आहेच. टेबलावर जुनी चादर घडी घालून अंथरायची आणि तिच्यावर गरम पॅक ठेवायची. इतक्या चकचकीत टेबलावर ते मळकं चिरगूट! मी ते काढायला लावलं तेव्हाही एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली आहे, सतराला सही करायची. त्या शिक्षकांचा ताप परत चढला, त्यांची मुलगी रोज येऊन विचारते की चूक कुणाची. मी जिन्यात तिला टाळते. दोन दिवस जेवण जात नाही, बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं कळत नाही. एकदा काय ते होऊन जाऊ दे.

तुझ्यावर चिडले तरी तुझीच,
भिंगरी


ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. पत्र आत्ता हातात पडलं, पोस्टाची पेटी निघायच्या आत हे जावं म्हणून घाईत लिहिते. वहिनीला वाचून दाखवू नकोस.

आमच्या खात्यात आठजणी दिव्यासमोर ओळीनं बसायच्या. पट्ट्यावरून बाटल्या जायच्या, तडा गेलेली दिसली की उचलून बाजूला ठेवायची आणि पाटीवर रेघ मारायची. एकीच्या पाटीवर बाकीच्यांच्या तिप्पट रेघा. ती माझी मैत्रीण होती, आम्ही एका डब्यात जेवायचो. साहेबांनी विचारलं, हिच्याकडेच इतक्या तडकलेल्या कशा? मी म्हटलं, हात जड आहे, बाटल्या एकमेकींवर आपटते. मैत्रीण असून मी पाठीशी घातलं नाही, याचा मला वर अभिमान. कागदावर सही केली. ती गेली.

ती गेल्यावर आमच्या खात्यातल्या रेघा कमी झाल्या, मला शाबासकी मिळाली. आणि दोन महिन्यांनी बाहेरून तक्रारी यायला लागल्या, तडकलेल्या बाटल्या येतात म्हणून. आधी कधी आल्या नव्हत्या. मी मैत्रिणीच्या जागेवर जाऊन बसले तेव्हा कळलं. बाटल्या तडकलेल्याच यायच्या भट्टीकडून. आठजणींत दिसत होत्या एकट्या तिला. बाकीच्या नीट बघायचा, उचलायचा कंटाळा करायच्या, आणि मी कंटाळ्याला चांगलं काम समजत होते. हे मी साहेबांना सांगितलं नाही. तिलाही नाही. तिचा पत्ता मिळवून पाकिटावर लिहून ठेवलाय, त्याला आता नऊ वर्षं झाली. पाकीट रिकामं आहे.

म्हणून विचारते. एक आणि तीन नंबरवर पॅक ओले निघत नाहीत, की लिहिले जात नाहीत? वही बघू नकोस, पॅकला हात लाव. आणि कुणाला बोलावून विचारू नकोस, त्यांच्या जागी जाऊन उभी राहा. तुझ्या जुन्या हॉस्पिटलातल्या बाईला तिच्या जागी राहू दे, तिला इथे आणू नकोस.

जुनी वही तू धरत नाहीस, कारण ती धरली तर तू आल्यापासून काय बदललं ते विचारावं लागेल. हे तुला बोचेल, पण मला दुसरं कोण बोचणार आहे?

सतराच्या आत हे पोहोचो. जीव लागून राहिलाय.

आत्या


ता. १९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार घालायलाही तोंड नाही, तरी शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. सही मी परवा केली.

काल सकाळी दोन नंबरवर उभं राहायला कुणीच नव्हतं, म्हणून मी स्वतः राहिले. मनात म्हटलं, आता दाखवते कसं करायचं ते. घड्याळ लावून वेळ मोजला, वर दहा मिनिटं जास्त थांबले, मग दार उघडलं. पॅक हातात घेतले तेव्हा कोरडे होते. टेबलावर मांडले आणि थोड्या वेळानं उचलले, तर दोन पॅक बुडाला ओले, आणि टेबलावर त्यांच्या आकाराचे पाण्याचे डाग. माझ्या हातचे, आत्या. घरी आले तर दाराशी तुझं पत्र.

आज सकाळी एक नंबरवर जाऊन उभी राहिले. ओले निघतात का, असं विचारलं नाही. एक पॅक उचलून बघितला आणि म्हटलं, हा बुडाला ओलसर आहे, असा निघाला की तुम्ही कसा सुकवता? तिनं अगदी हौसेनं दाखवलं. पॅक एसीच्या झोतासमोर उभा करायचा, दहा मिनिटांत वरून कोरडा होतो, मग वर पाठवायचा. तीन नंबरवालीही तेच करते. कधीपासून, म्हटलं. म्हणाली, तुमचा फळा लागल्यापासून. फळ्यावर नाव राहावं असं कुणाला वाटणार नाही बाई? ती हसत होती. मीही हसले.

ओल टेबलाची आहे. गरम पॅक गार स्टीलवर ठेवला, वरून एसी, की खाली पाणी सुटतं. आधीच्या लाकडी पट्ट्यांतून वारा जायचा, तेव्हा होत नव्हतं. त्या बाईनं चादर अंथरली होती ती त्यासाठी, आणि मी तिला चिरगूट म्हटलं. तरीसुद्धा जो ओला निघाला तो तिनं लिहिला, फळ्यावर नाव जाऊ दिलं, पॅक पुन्हा केला. तिच्या मशीनचा एकही वाईट पॅक वर गेलेला नाही. गेले ते कोऱ्या वह्यांचे.

वर ठेवलेले चौसष्ट पॅक मी परत मागवले, सगळे पुन्हा करणं चालू आहे. चार ऑपरेशनं पुढे ढकलली. मोठे डॉक्टर उद्या येतील तेव्हा विचारतील. मला स्वतःची लाज वाटते आहे, दुसरं काही वाटतच नाही. शिक्षकांच्या खाटेजवळून जाते आणि थांबायचं धैर्य होत नाही. आता काय करू?

भिंगरी


ता. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. रडून घे. ते आटोपलं की आधी डॉक्टरांकडे जा, मग तिच्याकडे. उलटं करू नकोस. हातात काही नसताना माफी मागायला गेलीस तर तीच तुझी समजूत काढत बसेल, आणि ती तिनं का काढावी?

डॉक्टरांना आता तिच्याऐवजी दुसरी दोन नावं देऊ नकोस. त्या दोघींनी फळ्यासाठी केलं, आणि फळा तू लावलास. तुझी जागा जाईल अशी भीती वाटत असेल. वाटणारच, मलाही वाटली होती म्हणून मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्यानं माझी जागा टिकली, नऊ वर्षं झाली तरी ते पाकीट पेटीच्या तळाशी आहे आणि कपडे काढताना हाताला लागतं.

शिंपिणीला मी हो म्हटलं ते तिच्या दोन मांजरांना. काल टोपलीतून आणून सोडली. अबोला संपला, मांजरं आली.

आहे तशी आवडतेस.

आत्या


ता. १६ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आई म्हणाली, ठरलं नसेल तर तसंच लिही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला नाव हवंय, टेबलाला मेमो देता येत नाही. म्हटलं, टेबल मी आणलं, एसी मी बसवला, फळा मी लावला, आणि चौकशी करायला बसले तेव्हा तिघींची यादी केली, तिच्यात मी नव्हते. माझं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. शेरा खोडता येत नाही म्हणाले, म्हणून त्याच्याखाली माझ्या सहीनं लिहिलंय की तो चुकीच्या चौकशीवर दिला होता.

मग धुलाईत गेले. दोन नंबरवाल्या बाई तिथे चादरींच्या घड्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं, चूक माझी म्हटलं. त्यांचे हात थांबले नाहीत. मी विचारलं, टेबलाचं तुम्हाला कळलं होतं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, तुम्ही दोनदा विचारलंत, दोनदा मी खरं उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत, सांगितलंत. मी टेबलाकडे बघितलं, म्हटलं तुम्हीही बघाल.

परत या, म्हटलं. त्यावर त्यांनी मला विचारलं, आता सगळ्यांना खरं लिहायला सांगाल, तर पहिल्याच आठवड्यात वह्या भरतील. तो आकडा बघून कुणाला काढाल? मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, तो आठवडा होऊ दे, मग मी ठरवीन.

फळा मी त्याच दिवशी काढला. लाकडी मांडण्या गोदामातून यायला मात्र आठवडे लागले, तोवर टेबलांवर चादरी अंथरल्या. पहिल्या आठवड्यात वह्यांत सत्तावीस पॅक लिहिले गेले. एक नंबरवालीनं तेरा लिहिले आणि वही माझ्यापुढे मिटूनच ठेवली. तो आकडा घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर तासभर बसले, चारदा उठून फेऱ्या मारल्या. आत गेल्यावर ते म्हणाले, हे तर वाढलं. म्हटलं, वाढलं नाही, आत्ता दिसलं, आणि यातला एकही वर गेलेला नाही. कुणालाही काढलं नाही. पुढच्या आठवड्यात अठरा होते, मग नऊ.

शिक्षक गुरुवारी काठी टेकत घरी गेले. त्यांचं आमच्याच पॅकमुळे झालं की नाही, ते कधी कळणार नाही. त्यांच्या मुलीला मी जिन्यात गाठून जेवढं माहीत आहे तेवढं सांगितलं. ती रागावली, बरंच बोलली. मी ऐकून घेतलं.

काल मांडण्या लागल्या. आज सकाळी सातला मी विभागात आले, तर बाई दोन नंबरसमोर हात धूत होत्या. मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, टेबलं गेली, त्या आल्या, झालं एकदाचं. पहिली खेप निघाली. त्यांनी पूर्ण वेळ थांबून दार उघडलं, पॅक लाकडी पट्ट्यांवर मांडले, एसी बंदच होता. थोड्या वेळानं मला हाक आली. वीस वर्षांत त्यांनी कुठल्या प्रमुखाला हाक मारल्याचं इथे कुणाला आठवत नाही. जाऊन बघते तर एक पॅक बुडाला ओला.

आत्या, माझ्या डोक्यात त्या क्षणी तीन कारणं तयार होती, जिभेवर आली होती. जवळजवळ महिनाभर मी टेबल टेबल करत होते, ते एकटंच कारण नव्हतं. मी हात मागे बांधून उभी राहिले आणि एवढंच विचारलं, बाई, तुम्हाला काय दिसतंय?

त्यांनी पॅक उलटा केला, कापडाची घडी चाचपली, मशीनकडे बघितलं, पुन्हा पॅककडे. माझे पाय वळवळत होते. मग त्या बोलायला लागल्या, आणि पाळी संपेपर्यंत बोलत होत्या.

बाकीचं उद्या लिहिते, अजून सगळं मला कळलेलं नाही. तोवर लोभ धर.

तुझी
भिंगरी